दोन रांगा मागे

अकरा वर्षांत शुभांगीने आणि मी एकही संगीत नाटक एकमेकींशिवाय पाहिलं नव्हतं. त्या रविवारी दुपारी मात्र इंदिरानगरहून तिचा फोन आला. "ताप आहे गं. तू जा. माझ्या वाटचा वन्स मोअर तूच दे."

"तुझ्याइतकी घाई मला जमत नाही," मी म्हणाले.

शुभांगीचा वन्स मोअर नेहमी तान संपायच्या अर्धा सेकंद आधी येतो.

दुसऱ्या अंकातलं पद संपत आलं आणि तेवढ्याच लवकर, तिच्याच आवाजात, माझ्या मागून वन्स मोअर आला. म्हणजे ती खोटं बोलली होती. दुसऱ्या कोणाबरोबर तरी आली होती. मला ते फार लागलं. मी उठून मागे वळले.

दोन रांगा मागे शुभांगी बसली होती. शेजारची बाई तिच्या कानात काही सांगत होती आणि दोघी हसत होत्या. मग त्या बाईने मान वर केली. चेहरा माझा होता. चष्मा माझा होता. मी नेसले होते तीच मोरपंखी साडी होती.

"शुभांगी," मी हाक मारली.

अनोळखी माणसाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, खाली बसा ना," ती म्हणाली. "आम्हा दोघींना दिसत नाहीये."