चौथा अर्ज

अजराची पीएचडी निजामाच्या काळातल्या मराठवाड्यातल्या मुलींच्या शाळांवर होती आणि तिला लागणारी सगळी जुनी कागदपत्रं हैदराबादच्या अभिलेखागारात होती. तिथं महिनाभर जाऊन बसता यावं म्हणून तिनं प्रवास-अनुदानासाठी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा तो परत आला. आज चौथ्या अर्जाची शेवटची तारीख होती, आणि प्रबंधाला आता मुदतवाढही मिळणार नव्हती.

पुंडलिकनगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्या अर्जाची पानं लावता लावता दुकानदार थबकला.

"ताई, हा बी परत येईल. कोणती कागदपत्रं बघणार, तिथं नुसतं 'शाळांच्या फायली' लिहून चालत नाय. दप्तरांचे, म्हणजे त्या फायलींच्या गठ्ठ्यांचे, नंबर लागतात."

"हैदराबादला गेल्याशिवाय नंबर कुठून आणू, भाऊ? चार वाजलेत, पाचला अर्ज घ्यायची खिडकी बंद होते!" अजराला काउंटरवरच रडू कोसळलं.

त्यानं मशीन बंद केलं, फॉर्म पुढ्यात ओढला आणि कुठंही न बघता त्या रकान्यात तीन नंबर लिहिले.

"शाळांची दप्तरं हीच. मी अभिलेखागाराला पत्र पाठवून मागवले होते नंबर. पाच अर्जांत लिहून लिहून पाठ झालेत."

अजरा डोळे पुसत त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्ही पण...? मग मिळालं का अनुदान?"



"मिळालं ना. ह्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी पत्र आलं."