एकतिसाव्या चालीची अठरा मिनिटं

पक्षाघातातून उठल्यावर वडील पहिल्यांदाच बुद्धिबळ स्पर्धेत उतरले आणि समोर नेमकी लेकच आली. डाव बरोबरीत सुटला. बाहेर बाकावर पट मांडून दोघं तोच डाव तपासू लागले. एकतिसाव्या चालीला ती थबकली. तिने घोडा पुढे टाकला असता तर वडिलांचा वजीर फुकटात मिळत होता. वडिलांनाही ते दिसलं. “मुद्दाम सोडलास ना?” ते म्हणाले. “दयेवरच खेळायचं तर मी घरी बसतो.” “नाही हो बाबा, खरंच दिसला नाही.” त्यांचा विश्वास बसेना. तिने चाली टिपलेला कागद पुढे केला. त्या चालीला लागलेला वेळ तिने लिहिला होता: अठरा मिनिटं. “एवढा वेळ काय करत होतीस?” “तुमचे हत्ती बघत होते. लहानपणापासून धास्ती आहे त्यांची.” वडील हसले. मोहरे पुन्हा मांडत म्हणाले, “बस. पुन्हा घाबरवतो.”