पहिल्या पानाचा मानकरी

"दुसऱ्याचा जीव वाचवताना जो मरतो, तो मरत नाही, अमर होतो," असं केदारीअण्णा म्हणाले आणि माइक बंद पडला.

माइकवाला वायर हलवत बसला. तेवढ्यात केदारीअण्णांनी तेच वाक्य माइकशिवाय दोनदा म्हणून घेतलं, कारण पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

पहिल्या रांगेत इंदुमती बसली होती. समोर हार घातलेला गणपतरावांचा फोटो. फोटो दसऱ्याचा होता. त्या दिवशी केदारीअण्णांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली आणि गणपतराव पथकाचे नायक झाले. फोटोत ते शिट्टीकडे असे बघताहेत, जणू दुसऱ्याची चुकून आपल्याकडे आली आहे.

बाजारातल्या बोळांत सरकारी बंब शिरत नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी कधीकाळी आपलं सातजणांचं पथक केलं होतं. पगार नाही, खाकी शर्ट ज्याचा त्याने शिवायचा. गणपतरावांचं भांड्यांचं दुकान. फोन आला की गिऱ्हाईकाच्या हातात कुकर तसाच ठेवून ते पळायचे. एकदा एका बाईने ते परत येईपर्यंत दुकान सांभाळलं आणि दोन कढया विकल्यासुद्धा. केस पांढरे होईपर्यंत गणपतरावांनी पाईप धरला, धूर खाल्ला, आणि कधी काही मागितलं नाही. मागितलं ते इंदुमतीने.

"जन्मभर पाईपच धरणार काय? केदारीअण्णा थकले की. शिट्टी मागून घ्या."

"शिट्टी वाजवून आग विझते काय गं?"

"मान तरी मिळतो."

शिट्टी मिळाली. मग कोप्पीकर रोडच्या मागच्या बोळात कापडाचं गोडाऊन पेटलं. नायक झाल्यावरची पहिलीच आग. गणपतराव सगळ्यांना घेऊन बाहेर आले आणि एकटेच पुन्हा आत गेले. छत खाली आलं.

कुणासाठी गेले, हे आता सभेत ठरत होतं. पहिला वक्ता म्हणाला, वॉचमनसाठी. दुसरा म्हणाला, एका मजूर बाईसाठी. तिसऱ्याने तिच्या कडेवर पोर दिलं. सभा अजून अर्धा तास चालली असती तर गोडाऊनमधून बालवाडी बाहेर निघाली असती.

इंदुमतीला हसू येत नव्हतं. उद्या तेरावं. तिने ठरवलं होतं, पहिलं पान भाऊबंदांना नाही, व्याह्यांनाही नाही. ज्याच्यासाठी हे आत गेले, त्याला. वॉचमन असो, हमाल असो, पहिला बसेल तो. तिने स्वतःच्या हाताने वाढायचं आणि तो जेवताना बघायचं. एवढं डोळ्यांनी बघितलं की नवरा फुकट गेला नाही, असं म्हणत उरलेले दिवस काढता येतील.

"आई, पण त्याचं नाव तरी कळू दे," मुलगी मनीषा कानात म्हणाली.

वॉचमन मागच्या रांगेतच बसला होता. इंदुमती उठून त्याच्याकडे गेली. त्याने घाईघाईने हात जोडले.

"मावशी, मी चहाला गेलो होतो की वो. गोडाऊनला कुलूप होतं. पथकानंच येऊन तोडलं."

"मग आत दुसरं कुणी असेल."

"कुलूप होतं, मावशी," तो पुन्हा म्हणाला आणि जमिनीकडे बघू लागला.

पथकातला जयतीर्थ तेवढ्यात दाराकडे सरकत होता. आगीच्या दिवशी तो गणपतरावांच्या शेजारी उभा होता. त्यानंतर घरी दोनदा आला, दोन्ही वेळा पाणीही न पिता गेला. इंदुमतीने त्याला चपलांपाशी गाठलं.

"जयतीर्थ, माझ्याकडं बघून चप्पल घाल."

"अक्का, दुकान उघडं टाकून आलोय."

"माझंही उघडंच आहे. यांनी आत जाताना काय म्हटलं?"

"'ओब्ब उळदान' म्हणून ओरडले. मग मराठीतही ओरडले, एक आत राहिलाय म्हणून."

"ते मला माहीत आहे. तो एक कोण? त्याला उद्या जेवायला बोलवायचंय. त्याला कुणी बोल लावणार नाही, तुझी शपथ."

जयतीर्थने दारातून आत बघितलं. माइक सुरू झाला होता. केदारीअण्णा पुन्हा अमर होतो म्हणत होते.

"व्यापारी मंडळाने ठरवलंय, सांगायचं नाही."

"मंडळ माझ्या घरी भांडी घासायला येणार आहे काय? सांग."

"अक्का, बाहेर आलो की नायकाने माणसं मोजायची असतात. इतकी वर्षं केदारीअण्णा मोजायचे. पहिलं बोट आपल्या छातीला लावायचे, मग आम्हाला मोजायचे. गणपतरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. घाईघाईने मोजलं, दोनदा मोजलं. आम्हीपण खुळ्यासारखे एकमेकांची तोंडं बघायला लागलो, कोण राहिलं म्हणून. तोवर ते आत पळाले."

"मग? कोण राहिलं होतं?"

"कुणी नाही, अक्का. बाहेर सातीजण होतो. त्यांनी समोरचे सहा मोजले, स्वतःला धरलं नाही."