झाड क्रमांक तीनशे बारा

वाडीतल्या बाळाने कुऱ्हाड उचलली आणि तेवढ्यात मोटरसायकल थेट आंब्याच्या बुंध्याशी येऊन थांबली.

"थांबा, थांबा! ह्यो आंबो तोडूचो नाय."

उतरला तो यतीन. समोरच्या डोंगरावर बंगले बांधणाऱ्या कंपनीचा इथला सुपरवायझर. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल.

"शिरा पडली तुझ्या तोंडार," बाळा म्हणाला. "मडा खळ्यात आसा आणि तू लाकडाआड इलंस?"

घरापुढच्या खळ्यात नाना होते, पांढऱ्या कापडाखाली. भोवती वाडीतली माणसं उन्हं चढताना बघत होती. गावात माणूस गेला की त्याच्याच आवारातला आंबा त्याच्या सरणासाठी तोडायचा. नानांनी आपला कधीच ठरवून ठेवला होता. हाच, आंबट फळांचा रायवळ. "जल्मभर कोणाक उपेगी पडलो नाय, माका तरी पडांदे," म्हणून हसायचे.

सत्यवती पायरीवरून उठली. नानांची ती एकुलती एक मुलगी, पहाटेच्या गाडीने कोल्हापूरहून आलेली. तिला बघून यतीनने ऑफिसातली मराठी काढली.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण झाडाला नंबर आहे."

बुंध्यावर खिळ्याने ठोकलेली पत्र्याची चकती होती. ३१२.

"कसला नंबर?"

"आमची वसाहत कार्बनमुक्त आहे ना. सिमेंट, एसी, जनरेटर, सगळ्याचा मिळून जेवढा धूर, तेवढा शोषणारी झाडं कंपनीला दाखवावी लागतात. ती गावातली धरलीत. एका बंगल्यामागे चाळीस. परवा मुंबईहून माणसं मोजायला येतायत."

"म्हणजे धूर तुमचा, झाडं आमची."

"नानांनी सही दिलीय, ताई. बदल्यात सोलरचा कंदील पण घेतलाय."

त्याने फाइल उघडून पुढे धरली. कागद इंग्रजीत होता. तारीख डिसेंबर २००७, खाली नानांची थरथरती सही. सत्यवतीने तो उभ्या उभ्या वाचला. सही करणारा शेतकरी वीस वर्षं आपल्या जागेतलं एकही झाड तोडणार नाही. त्या झाडांनी शोषलेला कार्बन कंपनीच्या नावे धरला जाईल. तिने पान उलटलं, परत मागे आली. कंपनी काय तोडणार नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"लाकडाची काळजी नको," यतीन घाईने म्हणाला. "वर साइटवर ढीग पडलाय. ट्रॅक्टर सांगतो. हवं तेवढं न्या. कंपनीकडून."

"कसलं लाकूड?"

"आंबा, किंजळ, ऐन. चांगलं वाळलंय."

सत्यवतीने समोर पाहिलं. डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत सोलला होता. लाल मातीत एक पिवळं यंत्र मागेपुढे करत होतं, आणि रस्त्याकडच्या फलकावर हिरवं पान रंगवलेलं होतं, माणसाच्या दुप्पट उंचीचं.

गेल्या वर्षी नानांनी मुद्दाम फोन केला होता. "सत्ये, डोंगर वाचलो गो! एकव झाड तोडूचा नाय म्हणान कागदार लिवलेला आसा. मियां सही केलंय. पिंगुळीचो यतीन आसा थंय कामाक, त्येनाच वाचून दाखवल्यान." इतका खूश आवाज तिने त्यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पुढे डोंगरावर यंत्र चढलं. त्यानंतरच्या फोनवर नाना भात कसं आलं ते सांगायचे, काजू सांगायचे. डोंगराचं नाव त्यांनी काढलं नाही.

"काय लिवलेला आसा गो त्या कागदार?" बाळाने विचारलं.

सगळी वाडी तिच्या तोंडाकडे बघत होती. यतीनही. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता. शिकलेली बाई, कागद वाचून सांगेल आणि वाद मिटेल.

सत्यवतीने कागद डोळ्यांसमोर धरला आणि खळ्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लिवलेला आसा, डोंगरावयला एकव झाड तोडूचा नाय."

एकेक मान समोरच्या लाल डोंगराकडे वळली, तिथे थांबली, मग यतीनकडे आली. बाळाने कुऱ्हाडीचा दांडा हातात फिरवला.

यतीन तिच्या जवळ सरकला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "ताई, कागदात असं नाहीये."

तिने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"तुम्ही नानांना जसा वाचून दाखवलात, तसाच मी वाचला."

मग ती बाळाकडे वळली. "घाल, बाळाकाका."

पहिला घाव चकतीवरच बसला.