एका पानातला रेझ्युमे

अभिनंदननं आयटीतल्या नोकरीसाठी रेझ्युमे लिहिला आणि देखणा करायला गुंडूकडं टाकला. गुंडू म्हणजे म्हशीच्या वाढदिवसाचेही फ्लेक्स छापणारा कोल्हापुरी गडी.

"एका पानात बसीव," अभिनंदननं बजावलं. गुंडूनं बसवला. अभिनंदननं मोबाइलवर वरचा अर्धा भाग बघितला आणि कंपनीला पाठवून दिला.

ऑनलाइन मुलाखतीत मॅडमनी तोच रेझ्युमे स्क्रीनवर उघडला.

"जावा, पायथन, सगळं छान आहे. पण खाली हे गॉगल लावलेले नऊ जण कोण?"

अभिनंदननं स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघितलं. "मॅडम, शुभेच्छुक."

मॅडमनी एकेक फोटो मोठा करून न्याहाळला. मग त्यांचा आवाज चढला.

"का रं, आमच्या धैर्यशीलदादाचाच फोटो एवढा बारका का लावलास?"