आगलावी वहिनी

पहिली काडी बायकोनेच ओढली आणि बंबापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याने टाकीतलं पाणी पुन्हा एकदा तपासलं. त्याची सगळी नोकरी आग विझवण्यात गेलेली. आज मात्र हातात पाण्याचा पाइप धरून गप्प उभं राहायचं आणि ती सांगेल तेव्हाच पाणी सोडायचं, असा हुकूम होता. ती या जंगलाची अधिकारी होती.

"आगलावी वहिनी आज जोरात आहेत," बंबाचा चालक पुटपुटला. नवऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बंबाची काच पुसायला लागला.

सभेत तिने सगळ्यांना समजावलं होतं. जुनी झाडं जन्मभर हवेतला कार्बन पोटात साठवतात. मोठा वणवा आला की ती सगळी साठवण एका दुपारीत धूर होऊन उडून जाते. म्हणून गारठ्याच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, खालचा पाचोळा आपणच पट्ट्यापट्ट्याने जाळायचा. मग उन्हाळ्यातल्या आगीला खायला काही उरत नाही. लोकांनी माना डोलावल्या. हा घरी येऊन भांडला. "भडकली तर? तुझी नोकरी जाईल, जंगल जाईल, आणि आत शिरावं लागेल मलाच!" ती मागच्या वणव्यात होरपळलेल्या आणि आता कुठे उगवत असलेल्या त्याच्या भुवईकडे नुसती बघत राहिली.

ज्वाळा गुडघ्याएवढ्या झाल्या. त्याचे हात शिवशिवायला लागले.

"सोडू पाणी?"

"थांब रे. खाऊ दे तिला पोटभर."

संध्याकाळी आग आपली आपणच निजली. खाली जमीन काळी, वर झाडं हिरवी. बंब भरलेला तसाच परत गेला, हे त्याला जरा लागलंच.

ऐन उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर वीज पडली आणि भोंगा वाजला. जंगलाच्या फाटकापाशी ती वायरलेस घेऊन उभी होती. तोंडचं पाणी पळालेलं. आजवरची मेहनत पणाला लागलीय म्हणून, असं त्याला वाटलं.

"काळजी करू नकोस. तुझ्या जंगलाला धक्का लागू देत नाही," असं म्हणून तो आत गेला.

वणवा माथ्यावरून धडधडत खाली आला, काळ्या पट्ट्याशी पोहोचला आणि तिथेच त्याचं अवसान गळालं. दरवेळी दोन-दोन दिवस आत अडकणारी माणसं उरलीसुरली धग विझवून उजेड असतानाच बाहेर आली. नवरा सगळ्यांत पुढे, छाती फुगवून, जणू पाचोळा त्यानेच जाळला होता. ती धावतच आली.

"जिंकलीस बाई!" तो हसत म्हणाला. "एकसुद्धा मोठं झाड गेलं नाही. वाचलं तुझं जंगल."

"खड्ड्यात गेलं जंगल!" त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत ती म्हणाली. "आज तू जेवायला घरी आहेस."