भुरीची टोपली

नासिरने टोपलीचं झाकण सुतळीने बांधलं आणि टोपली टेम्पोत ठेवली. आत भुरी म्याव म्याव ओरडत होती. ओट्यावर दहा वर्षांची महेक ओढणीने तोंड झाकून बसली होती.

"चाचा, तिचं काय चुकलं? तिचा पापा मी घेतला होता."

"तुझं पण नाय चुकलं, तिचं पण नाय," नासिर म्हणाला. "पण दादीला दमा हाय. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आणायला चाललोच हाय, आंबेनळी घाटात सोडतो. तिथं माकडं मजेत जगतात, मांजर पण जगंल."

तेवढ्यात नाते गावच्या वळणावरून सकपाळांची स्कूटर आली. सकपाळ पशुधन पर्यवेक्षक. माणसं त्यांना डाक्टर म्हणत, मुलं काका. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत पाळीव जनावरांचे नमुने घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. मांजरांत, कुत्र्यांत विषाणू आहे का, असला तर कुठल्या प्रकारचा, हे प्रयोगशाळेला पाहायचं होतं. जानेवारीच्या पहिल्या फेरीत भुरी साफ होती. दहा दिवसांनी दुसऱ्या फेरीत ती बाधित निघाली.

डिसेंबरात महेकला कोरोना होऊन गेला होता. घराने दोन आणि दोन चार केले. महेकनेही केले. तेव्हापासून ती मांजरीकडे बघतानासुद्धा तोंडावर ओढणी धरी.

नमुना देताना भुरी कापसाची काडी पाहून नखं काढायची. पण सकपाळांकडे तीस वर्षांची एक युक्ती होती. ओट्यावर माणसांपासून ते लांब बसत, मास्क लावून. मांजर मांडीवर आली की मास्क हनुवटीवर ओढत आणि तिच्या नाकावर हळूच फुंकर घालत. भुरी डोळे मिटून तोंड उघडायची. पहिल्या फेरीला त्यांचा घसा बसला होता. घाटातली धूळ, म्हणून त्यांनी गालात खडीसाखर धरली होती. एक खडा महेकलाही दिला होता.

"थांबा, नासिरभाई," सकपाळ आज म्हणाले. "भुरी आता साफ आहे. आणि हा प्रयोगशाळेचा मोठा अहवाल."

ते महेकपासून थोडे दूर ओट्यावर टेकले. मुलांना समजावून सांगायचं म्हटलं की त्यांना घाई नसायची.

"यंदा तुमच्या खाचरात भात कुठलं होतं गो?"

"जया."

"आणि भुरीच्या टोपलीत रत्नाचा दाणा सापडला, तर तो तुमच्या खाचरातला म्हणशील?"

"नाय. जया जाड असतो, रत्ना बारीक."

"विषाणूच्याही अशाच जाती असतात. तुला झाला तो जुना. भुरीला झाला तो नवा. तू तिला दिला नाहीस, बेटा."

महेकने तोंडावरची ओढणी खाली घेतली. बऱ्याच दिवसांनी तिने पूर्ण श्वास घेतला असावा.

नासिर मात्र टेम्पोत चढून बसला. "म्हणजे पोरीनं नाय दिला. अम्मीची तपासणी साफ, माझी साफ, भाभीची साफ. मग मांजरीनं बाहेरूनच आणला. आज आणला, उद्या परत आणंल. बरं झालं सांगितलंत, डाक्टर." त्याने गाडी सुरू केली.

"भुरी उंबरा पण ओलांडत नाय," महेक म्हणाली. तिने सकपाळांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि बोट ठेवून वाचू लागली. "सव गावची मांजर, पोलादपूरची मांजर. ह्यांना पण हाच नवा?"

"हो. तिघींना एकच."

"मग ह्या तिघी भेटल्या कुठं?"

"नाहीच भेटल्या."

"मग तिघींना भेटलेलं कोणतरी असंल."

"शाबास," सकपाळ सवयीने म्हणाले.

महेक पळत टेम्पोकडे गेली. भुरीचं ओरडणं थांबत नव्हतं. "काका, निदान एक फुंकर तरी घाला तिला. गप बसंल."

सकपाळ उठले. टोपलीच्या फटीतून भुरीचं ओलं गुलाबी नाक बाहेर आलं होतं. ते वाकले. मास्क हनुवटीवर ओढला. ओठांचा चंबू केला.

आणि तसेच थांबले.

नव्या वर्षाला त्यांचा मुलगा मुंबईहून सर्दी घेऊन आला होता. नंतर यांचा घसा बसला. त्याच आठवड्यात पहिली फेरी झाली. सकाळी सव, दुपारी नाते, संध्याकाळी पोलादपूर. सगळीकडे मांजर मांडीवर, मास्क हनुवटीवर.

भुरीने सवयीने डोळे मिटले होते. ती फुंकरीची वाट पाहत होती.

नासिर रस्त्याकडे बघत होता. महेक मांजरीकडे. सकपाळांकडे कोणीच बघत नव्हतं. अहवालात खाली छापलेलं होतं, संसर्गाचा स्रोत अज्ञात. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. टेम्पो आता निघाला असता, वळणापलीकडे गेला असता, आणि तो शब्द तसाच राहिला असता.

त्यांनी मास्क नाकावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"गाडी बंद करा, नासिरभाई."

"आता काय, डाक्टर?"

"भुरी कुठं बाहेर गेली नव्हती," सकपाळ म्हणाले. "बाहेरून मी आलो होतो."